गुरुवारचं ताट

"हसा बाई, हसा. दात दिसू द्या," कॅमेऱ्यामागून रंगराव म्हणाले, आणि बारवेच्या तळच्या पायरीवर ओलीचिंब, कुडकुडत मी दात दाखवून हसले.

नुकताच मी जीव दिला होता. सिनेमात ज्याच्या वाट्याला मरण येतं त्यानं शॉट झाल्यावर कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. मरणाचं चित्र हे त्या माणसाचं शेवटचं चित्र राहू नये, एवढाच त्यामागचा हेतू. आमचे दिग्दर्शक रंगराव घोरपडे फिल्मच्या बाबतीत महाचिकट. कुणी रीटेक मागितला की त्यांच्या पोटात दुखायचं. पण या हसण्याच्या बाबतीत त्यांनी कधी काटकसर केली नाही.

मी वर आले. कुणीतरी अंगावर घोंगडं टाकलं. माघातली सकाळ होती आणि काठावर सगळं शिरटेक गाव लोटलं होतं. त्या गर्दीतून एक बाई सरळ माझ्यापाशी आली. पन्नाशीची, उंच, धुऊन धुऊन विटलेलं लुगडं, कपाळ मोकळं. ती मला निरखून बघत होती, दुकानातलं लुगडं घ्यायचं की नाही ते ठरवताना बघतात तशी.

"मरून झाल्यावर हसलीस कशापायी?" तिनं विचारलं.

मी रीत सांगितली. तिनं नीट ऐकून घेतलं.

"बरं हाय," ती म्हणाली. "माझं तेवढं ऱ्हायलं."

मला कळेना.

"मी हौसा," ती म्हणाली.

आता हे ऐकून माझ्या अंगावर काटा का आला, ते सांगायला हवं. आमचा चित्रपट होता 'उंबऱ्याआड', आणि तो ज्या कादंबरीवरून निघत होता तिची नायिका हौसा. मीच हौसा होते. कादंबरी वामनराव हसबनीसांची. तरुणपणी ते शिरटेकच्या शाळेत मास्तर होते, आणि कादंबरीतला मास्तरही 'मी' म्हणूनच बोलतो. हौसाचा नवरा लढाईवर गेलेला. गाव मास्तरला वार लावून जेवू घालतं, रोज एका घरी, आणि हौसाच्या घरचा वार गुरुवार. ती ताट वाढून त्याच्या खोलीवर पाठवते. एका गुरुवारी, दिवेलागणीला, सासू कीर्तनाला गेलेली असताना मास्तर ते ताट परत द्यायला स्वतः जातो आणि दार वाजवतो. पुढचं वाक्य त्या काळी अर्ध्या महाराष्ट्राला पाठ होतं. 'दार उघडलं आणि ताट खणकन पडलं. त्या आवाजानं सारा गाव जागा झाला, आम्ही दोघं सोडून.' वक्तृत्वाच्या स्पर्धेत मी स्वतः ते म्हणून बक्षीस घेतलेलं आहे. शेवटी नवरा परत येतो, गाव बोट दाखवतं आणि हौसा बारवेत उडी घेते. स्वतःचं पाप इतकं उघड लिहिणारा लेखक मराठीत दुसरा नाही, असं लोक म्हणायचे.

रंगरावांना शूटिंगला तीच बारव हवी होती, तेच घर हवं होतं. वामनराव म्हणे पुष्कळ दिवस आढेवेढे घेत होते, कुठलीही बारव चालेल म्हणत होते. शेवटी आले. पण आल्यापासून गावातलं पाणीसुद्धा तोंडात घालत नव्हते. आम्ही सगळे पाटलांच्या पाहुणचारावर तांबडा-पांढरा रस्सा ओरपत होतो आणि हे पुण्याहून आणलेल्या डब्यातली बिस्किटं खात शाळेच्या खोलीत बसायचे. आम्ही त्यांच्या सोवळ्याची टिंगल करत होतो.

बारवेच्या भिंतीत एक कोनाडा होता. त्यात हळदकुंकू, बांगड्या, दोन-तीन नारळ. हौसानं मला तिथं नेलं. पुस्तक वाचून बाया-पोरी यायच्या, नवी लग्नं झालेली जोडपी यायची आणि बुडून मेलेल्या हौसाची ओटी भरून जायची. गुरव ते नारळ संध्याकाळी गोळा करून खऱ्या हौसाच्या घरी पोचते करायचा. गावानं ही सोय फार वर्षांपूर्वी लावून दिली होती आणि आल्यागेल्याला काही सांगायचं नाही असंही ठरवलं होतं. त्यावर चहाची दोन दुकानं चालत होती.

"माझ्याच मरणाचं खोबरं खाती मी," हौसा म्हणाली. तिला त्याचं हसू येत होतं. मला आलं नाही.

मग तिनं तिची हकिगत सांगितली, पाणी कुठून आणायचं हे सांगावं इतक्या साध्या आवाजात. गुरुवार खरा होता, ताट खरं होतं, सासू कीर्तनाला गेली होती तेही खरं. मास्तरानं दार वाजवलं होतं. तिनं उघडलं नाही. आतूनच 'ताट उंबऱ्यावर ठेवा' म्हणून सांगितलं. मास्तरानं ते ठेवलं नाही. तो ताट घेऊन तसाच परत गेला, आणि त्याच आठवड्यात बदली मागून गाव सोडून गेला. ताटावर तिच्या सासऱ्याचं नाव घातलेलं होतं. सासूनं भांडी मांडताना ते मागितलं, तेव्हा ती एकटी असताना मास्तर दाराशी आला होता हे सांगितल्यावाचून ताट त्याच्याकडे राहिलं कसं, ते हौसाला सांगता येईना. पहिली ठिणगी ती. पण नवरा लढाईवरून जिवंत आला, भला माणूस होता, एका ताटावरून त्यानं काही मनात धरलं नाही. दोन वर्षं सुखाची गेली. मग पुस्तक आलं. कुणीतरी ते चावडीत मोठ्यानं वाचलं. नवरा शेवटपर्यंत ऐकत बसला होता.

"पुस्तकात माझं नाव," हौसा म्हणाली. "गुरुवार व्हता, ताट व्हतं, घरापुढला शेवगा व्हता. येवढं समदं खरं, मग दार तेवढं खोटं कसं म्हणंल त्यो?"

त्यानं तिला गावातल्या गावात, पलीकडच्या आळीला तिच्या भावाच्या घरी नेऊन सोडलं. दुसरी केली. तो वारला तेव्हा हिनं भावाच्या परसात कुंकू पुसलं. सासरच्या उंबऱ्याला हिचा पाय पुन्हा लागला नव्हता.

"तुला उडी मारायला लावली त्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "मेलेल्या बाईला कोण इचारतं? पर पोरी, दार उघडू नगंस."

दाराचा शॉट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता.

मी रंगरावांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळावरची टोपी मागे सारली आणि म्हणाले की ताट खणकन पडलं नाही तर लोक थिएटरच्या खुर्च्या फोडतील. तरीही लेखकानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं तर ते दार बंद ठेवतील. माणूस चिकट होता, पण सरळ होता.

मग मी शाळेत गेले. ऊन उतरत होतं. वामनराव खिडकीपाशी बसून थर्मासमधल्या चहात बिस्किट बुडवत होते.

"हौसाबाई भेटल्या," मी म्हणाले.

बिस्किट तुटून चहात पडलं. 

"मी पाहिलं तिला सकाळी. काठावर उभी होती," ते म्हणाले. "तिनंही पाहिलं."

"त्यांनी दार उघडलं होतं का?"

"कादंबरीत उघडावंच लागतं, शैलाबाई. नाही उघडलं तर पुस्तक तिथंच संपतं."

"मी पुस्तकाचं नाही विचारत."

 ते दुसरंच बोलायला लागले. म्हणाले, नाव बदलायचं असंच ठरवलं होतं. लिहिताना 'हौसा' लिहिल्याशिवाय हात चालेना, म्हणून म्हटलं शेवटी बदलू. शेवटी दुसरं नाव घालून पाहिलं तर वाक्यं मेल्यासारखी दिसायला लागली. म्हणून राहू दिलं. पुस्तक शिरटेकपर्यंत पोचेल असं त्यांना वाटलंच नव्हतं. गावात वाचता येणारी माणसं मोजकी, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी शिकवलेल्याच एका पोरानं चावडीत वाचलं होतं, हे त्यांना पुढे कळलं.

"उद्या रंगरावांना सांगा," मी म्हणाले. "एवढंच सांगा. ते ऐकतील."

"काय सांगू?" त्यांचा आवाज एकदम चढला आणि तितकाच उतरला. "पाप कबूल केलं की माणूस मोठा होतो हो. लोक हार घालतात. मी दार वाजवलं आणि तिनं उघडलं नाही, हे लिहिलं असतं तर मी कोण उरलो असतो? ते लिहायची माझी छाती झाली नाही. म्हणून पाप लिहिलं. न केलेलं."

त्यांनी चहा खिडकीतून बाहेर ओतला आणि मला जायला सांगितलं. मी गेले. म्हाताऱ्याची दया यावी की चीड, हे मला ठरवता येईना, आणि खरं सांगायचं तर अजूनही ठरलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगरावांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी कॅमेरा हौसाच्या सासरच्या अंगणात लागला. शेवगा अजून होता. गर्दी अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे गाव बसलं होतं, आणि कॅमेऱ्याशेजारच्या लाकडी खुर्चीत, काठीवर दोन्ही हात ठेवून वामनराव. शॉट सोपा होता. मास्तर झालेला आमचा नायक ताट घेऊन येणार, एकदा दार वाजवणार, पुन्हा वाजवणार, मी हातात दिवा घेऊन दार उघडणार, आणि ताट पडणार. उजेड जात होता, फिल्म थोडी उरली होती. रंगरावांनी बजावून ठेवलं होतं की चुकायचं नाही.

मी आत जायला निघाले तेव्हा दोरीपलीकडून हौसानं हाक मारली. म्हणाली, मला आत उभं राहू दे. तू दार कसं उघडतीस तेवढं बघू दे. मी तिला नाही म्हणू शकले नाही. रंगरावांना सांगितलं की आतला अडसर जड आहे, धरायला ही बाई जवळ असू दे. आवाज नंतर स्टुडिओत भरायचे होते, त्यामुळे आत कोण आहे याची त्यांना फिकीर नव्हती. उंबरा ओलांडताना ती क्षणभर थांबली. मग डावा पाय आधी पडला म्हणून मागे घेतला आणि उजवा टाकला, सून येते तसा.

दार लागलं. अडसर बसला. माझ्या हातात दिवा, आणि अंधारात शेजारी ती. बाहेर क्लॅप वाजला.

पहिली थाप पडली. मी ठरलेलं होतं तसं दचकले. माझ्या मनाशी काही पक्कं झालेलं नव्हतं.  दुसरी थाप पडली. मी अडसराला हात घातला, आणि माझ्या मनगटावर तिचा हात आला. ओढला नाही, दाबला नाही, नुसता ठेवला.

"ताट उंबऱ्यावर ठेवा, मास्तर," हौसा म्हणाली.

मोठ्यानं म्हणाली, पण ओरडून नाही. तिसाव्या वर्षी माणसाचा आवाज बदलतो, पन्नाशीला आणखी बदलतो म्हणतात. तिचा किती बदलला होता मला ठाऊक नाही. पण बाहेर काठी पडल्याचा आवाज आला.

दाराला फट होती. मी डोळा लावला. आमचा नायक ताट धरून बावळटासारखा उभा होता आणि वामनराव खुर्चीतून उठून, काठीशिवाय, भर कॅमेऱ्यासमोर चालत येत होते. रंगरावांनी 'कट' म्हणायला हवं होतं. ते म्हणाले नाहीत. वामनरावांनी नायकाच्या हातातून ताट घेतलं. दाराशी आले. इतके जवळ आले की त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग गुडघ्यावर एक हात टेकून ते वाकले आणि ताट उंबऱ्यावर ठेवलं. आवाज होऊ न देता ठेवलं.

"तिनं दार उघडलं नव्हतं," ते वाकलेलेच म्हणाले.

"काय म्हणालात?" रंगरावांनी विचारलं.

वामनराव सरळ झाले, गावाकडे तोंड केलं. "हौसानं दार उघडलं नव्हतं. मी दोनदा वाजवलं. ती म्हणाली ताट उंबऱ्यावर ठेवा. मी ताट घेऊन निघून गेलो. पुस्तकात ते मी खोटं लिहिलं."

 कॅमेऱ्यातली फिल्म संपून रिकामी फडफडत होती, तेवढाच आवाज. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता गं बाई, आता सांगून काय."

ते मागे सरले तेव्हा हौसानं अडसर काढला. दार तिनं स्वतः उघडलं. वाकून ताट उचललं, पदरानं पुसलं, आणि कडेवरून बोट फिरवायला लागली. वाचता येत नव्हतं तिला. नाव बोटानं शोधत होती. सगळी कड फिरून झाली.

"हे आमचं न्हवं," ती म्हणाली, आणि ताट माझ्या हातात दिलं. "ज्याचं त्येला दे."

ते कंपनीच्या सामानातलं ताट होतं.

दुसऱ्या दिवशी रंगरावांनी उरलीसुरली फिल्म घालून तो प्रसंग पुन्हा काढला. दार बंद, आतून आवाज, उंबऱ्यावर ताट नाही. स्टुडिओत ते वाक्य मीच भरलं. तिच्यासारखं म्हणायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. शिरटेक सोडताना मोटारीत वामनराव माझ्याशेजारी होते. फाटा ओलांडल्यावर म्हणाले, "खरं ताट पुण्यात आहे. माझ्या टेबलावर. त्यात मी टाचण्या ठेवतो."

"द्या पाठवून," मी म्हणाले.

"पाठवून नको. मी स्वतः जाईन."

मी मोटार तशीच मागे वळवायला लावली, वामनरावांना आतच बसवून हौसाच्या भावाच्या दारात उतरले आणि तिला सांगितलं, ते ताट घेऊन स्वतः येणार आहेत. ती शेंगा फोडत होती. "बरं," म्हणाली.

चित्रपट लागला आणि जे व्हायचं ते झालं. प्राध्यापक मंडळींनी लेख लिहिले की अभिजात कादंबरीचा गळा घोटला, दार बंद ठेवून सगळा आत्माच बाहेर ठेवला. वामनरावांना एका सभेत विचारलं गेलं. मी समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उपरणं सारखं केलं आणि म्हणाले, "चित्रपट हा दिग्दर्शकाचा असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली, तिच्यात दार उघडलेलंच होतं. शिरटेकच्या अंगणात एकदा बोलून त्यांनी आपली सगळी पुंजी खर्चून टाकली होती, पुण्यासाठी काही उरलं नाही. मी अधूनमधून पत्र टाकायची, कधी जाताय म्हणून. थंडी सरली की, असं उत्तर यायचं. मग उन्हाळा सरला की. मग मी विचारायचं सोडून दिलं.

ते गेल्यानंतर त्यांची मुलगी माझ्याकडे आली. हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी. "बाबांनी तुम्हाला द्यायला सांगितलंय. तुम्हाला माहीत आहे म्हणाले." टाचण्यांनी तळाला ओरखडे पडले होते. कडेवर सासऱ्याचं नाव स्पष्ट होतं. मरतानाही त्या गृहस्थानं स्वतः जायचं टाळलं आणि तिच्या दारात मी उभी राहीन अशी व्यवस्था केली. रागानं मी चार दिवस ते गुंडाळलेलंच ठेवलं. पण सांगून आले होते मी. येणार आहेत, असं माझ्या तोंडानं सांगून आले होते.

मी मुद्दाम गुरुवारी गेले. हौसा आता पार वाकली होती. दार सताड उघडं होतं आणि ती आत चुलीपाशी बसलेली. मी बाहेरूनच म्हणाले, "ताट आणलंय," आणि का कोण जाणे, उंबऱ्यावर ठेवायला वाकले.

"तितं नगं ठेवूस," ती म्हणाली. "आत आण."

मी आत गेले. तिनं ताट मांडीवर घेतलं, कडेवरून बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

"त्ये न्हाई आले?"

"वारले. महिना झाला."

  ती उठली, ताट राखेनं घासलं, विसळलं, आणि त्यात भाकरी, पिठलं, ठेचा वाढून माझ्यापुढे ठेवलं. मी म्हटलं, भूक नाही.

"गुरुवार हाय," हौसा म्हणाली. "आमचा वार हाय. जेव."

 दुसऱ्याचं वाढलेलं पान मी जेवत होते, आणि ते कुणाचं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. पण ती समोर बसून होती, पानात टाकायची सोय नव्हती. मी सगळं संपवलं. मग परसात जाऊन ते ताट मी स्वतः घासलं, पुसून कोरडं केलं आणि आणून तिच्या हातात दिलं.